जुन्या तबकड्यांचें नवें मुद्रण

फाल्गुनांत आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या रानांत पळस पेटलेला तुम्ही दरवर्षीं पाहतां. या पळसाच्या, तसेंच बोरीच्या व कुसुंबाच्या कोंवळ्या फांद्यांवर एक अगदीं बारीक किडा पोसतो आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच करतो. तीच लाख. सोनार ती पोकळ डागिन्यांत भरतो हें तुम्हांस ठाऊक आहे. परंतु १९५० च्या आगेमागेपर्यंत जगांतील बहुतेक ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्याच होत, आणि ती लाख मुख्यत्वें हिंदुस्थानांतून जाई, हें थोड्यांसच ठाऊक असतें. १९४२ सालीं युद्धामुळें लाखेची टंचाई झाली, तेव्हां अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं ती वापरण्यावर कडक निर्बंध घातले आणि दुकानदार नवी तबकडी देतांना जुनी मागूं लागले. जुन्या वितळवून त्यांच्या नव्या होत. अशा रीतीनें किती गाणीं मुशींत गेलीं असतील!

जीं उरलीं त्यांचें आज नवें मुद्रण होत असतें. जुनी तबकडी वाजवावयाची, तिचा आवाज संगणकांत उतरावयाचा, त्यांतील दोष काढावयाचे आणि तो आजच्या श्रोत्यांपुढें ठेवावयाचा, असें हें काम आहे. वरवर तें भांडें घांसण्यासारखें सोपें दिसतें. पण घांसतांना कल्हई जाते कीं मळ जातो, हें ज्याला कळतें तोच तेथें कामाचा.

आरंभीं तबकडी कशी तयार होई तें आधीं पाहूं. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राही. त्याच्या आवाजानें कर्ण्याच्या टोंकाचा पातळ पडदा हाले, पडद्यास जोडलेली सुई हाले आणि फिरत्या मेणावर नागमोडी खांच पडे. विजेचा संबंध नाहीं. पंचम जॉर्जच्या काळांतली ही यंत्रविद्या मोठी अरसिक होती : तिला फार खालचे व फार वरचे स्वर ऐकूंच येत नसत, आणि मोठ्या ढोलाचा ठोका पडला कीं सुई उडे. म्हणून १९२३ सालीं अमेरिकेंतील रिचमंड गांवीं किंग ऑलिव्हर याच्या वाद्यवृंदाचें मुद्रण झालें, तेव्हां कोणी कर्ण्यापासून किती दूर बसावें याला फार महत्त्व होतें. ज्यास जॅझ म्हणतात तें हें संगीत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय लोकांत वाढलें. मात्र जॅझची म्हणून गणली जाणारी पहिली तबकडी १९१७ सालीं काढली ती एका गोऱ्या वाद्यवृंदानें. १९२५ पासून मायक्रोफोन व वीज आलीं आणि सुईला नवे कान फुटले.

हा पालट एकाच माणसाच्या आयुष्यांत कसा दिसतो पाहा. क्रिकेट स्मिथ नांवाचा एक ट्रंपेटवादक होता. १९१३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जेम्स रीस युरोप याच्या वाद्यवृंदानें कर्ण्यासमोर तबकड्या काढल्या, त्यांत तो होता. पुढें देश हिंडत हिंडत तो मुंबईस आला. तेथील ताजमहाल हॉटेलांत १९३५ पासून लिऑन ॲबी याच्या मंडळीनें जॅझचा पाया घातला होता. स्मिथनें १९३६ सालीं मुंबईंतच ‘ताज महाल’ या नांवाची गत मायक्रोफोनसमोर वाजवून तबकडीवर चढविली. अशा मंडळींच्या सहवासांत आपले गोंवेकर वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत त्यांनीं स्वरलेखन आधींच शिकून घेतलें होतें. हळदोण्याचा आंतोनियु शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा त्यांपैकीं. ‘अलबेला’ (१९५१) या बोलपटांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या गाण्यांमागें त्याचा ट्रंपेट आहे, तेव्हां तुमच्या वडीलधाऱ्यांनीं जॅझ ऐकलेंच नाहीं असें त्यांनीं म्हणूं नये. २०१२ सालीं नरेश फर्नांडिस यांनीं या साऱ्याचा इतिहास ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथांत लिहिला आणि ग्रंथासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांचीहि एक तबकडी दिली. आपल्या गायकांतहि असेंच उदाहरण आहे. मिरजेचे अब्दुल करीम खां १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गाइले आणि १९३० नंतर मायक्रोफोनसमोरहि गाइले.

आतां खरी अडचण येते ती वेगाची. या तबकड्यांस ‘७८ च्या’ म्हणतात, म्हणजे मिनिटास ७८ फेरे. परंतु जुन्या काळीं हा आंकडा पक्का नव्हता; कोणी ७४ ने मुद्रण करी, कोणी ८० ने. थोडें गणित करूं. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित केलेलें ३ मिनिटें १० सेकंदांचें गाणें ७८ नें वाजविलें तर ३ मिनिटांत संपतें. हें चालेल म्हणाल; पण त्याबरोबर सूरहि जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो. पांढरी एकमध्यें गाणारा काळी एकमध्यें गाऊं लागतो, आणि धिम्या गंभीर गळ्याची माणसें चिमणीसारखीं चिवचिवतात. कित्येक जुने गायक आपल्याला किनऱ्या आवाजाचे वाटतात, त्यांत गळ्याचा दोष किती व फिरकीचा किती, हा प्रश्न आहेच. जॅझच्या तबकडींत पियानो व शिंगें ठरलेल्या पट्ट्यांत वाजतात, म्हणून वेग ताडून पाहतां येतो. आपल्याकडे साथीला पेटी असेल तर तिचा थोडा आधार मिळतो. नुसता तंबोरा असेल तर तोहि नाहीं, कारण तंबोरा गायकाच्या गळ्याप्रमाणें लावलेला. विजेच्या काळांतील तबकडींत कधींकधीं विजेच्या प्रवाहाचा अस्फुट गुंजारव उतरलेला असतो. आपल्या देशांत त्या प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. त्यांशीं तो गुंजारव जुळला कीं वेग सांपडला. चोराच्या पाउलांचा माग काढावा तसें हें काम चालतें.

दुसरी अडचण खरखरीची. तबकडींत लाखेबरोबर दगडाची भुकटी व काजळी घातलेली असे. या भुकटीनें पोलादी सुई घांसून खांचेला बसावी अशी योजना होती, पण तिचीच खरखर सतत ऐकूं येते. ती जुनेपणानें आलेली नव्हे. तबकडी कोरी करकरीत होती तेव्हांहि ती होतीच. चिरेमुळें होणारी ‘टक्’ निराळी. ती मिनिटास ७८ वेळां, क्षणमात्र येते, आणि संगणक सेकंदाचे ४४,१०० तुकडे करीत असल्यानें त्यांतले बिघडलेले तुकडे काढून शेजारच्यांवरून ते भरतां येतात. खरखर मात्र सर्व स्वरांवर पसरलेली असते. तंबोऱ्याचा झंकार, गायकाचा श्वास, झांजेची थरथर हीं सारीं त्याच उंच प्रदेशांत राहतात. खरखर समूळ पुसली कीं तींहि जातात आणि गायक जणूं रजईंत तोंड घालून गातो. ऑस्ट्रेलियांतील रॉबर्ट पार्कर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जुन्या जॅझला दोन बाजूंचा आवाज देऊन तें चकचकीत केलें. लोकांस तें फार आवडलें. आम्हांस मात्र, जो विस्तार त्या खोलींत नव्हता तो बाहेरून चिकटविणें रुचत नाहीं. थोडी खरखर राहिली तरी चालेल, पण तंबोरा राहिला पाहिजे.

नको असें वाटणारें कधीं कधीं अमोल असतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहर जान यांचें मुद्रण झालें. त्या आपल्या गाण्याच्या शेवटीं इंग्रजींत स्वतःचें नांव सांगत. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात, आणि तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें म्हणून ही युक्ति होती. नव्या मुद्रणांत हे शब्द कापले तर गाण्याचा सूर बिघडणार नाहीं. पण एका बाईचा स्वतःच्या नांवाचा उच्चार मात्र नाहींसा होईल.

तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं माळ्यावर अशा तबकड्या असतील. त्या भंगारवाल्यास देऊं नका, व स्पिरिटनें तर मुळींच पुसूं नका, कारण लाख स्पिरिटांत विरघळते. मधला कागद न भिजवितां गार पाण्याच्या ओल्या मऊ फडक्यानें हलकेच पुसा, एकीवर एक न रचतां पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवा, आणि बोथट सुई लावूं नका. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या भारतीय रेकॉर्ड-संग्राहकांच्या संस्थेनें असलीच घरोघरचीं तबकडीं नोंदून ठेविलीं आहेत. कागदावरील नांवाखेरीज तबकडीच्या मध्याजवळ, लाखेंतच उठविलेला एक बारीक आंकडा असतो. कागद फाटला वा पुसट झाला तरी मुद्रण कोणतें हें पुष्कळदां त्यावरून ओळखतां येतें. उजेडांत तबकडी तिरपी धरून तो वाचावा व वहींत उतरून ठेवावा.