दाताला टोपी केव्हा बसवावी?

दाढ दुखू लागली की मनुष्य दंतवैद्याकडे धाव घेतो आणि दुखणे थांबले की दाढ बरी झाली असे समजतो. दाताच्या बाबतीत हा समज अनेकदा महागात पडतो. थोडीशी कीड लागलेला दात गार पाण्याच्या एका घोटाने कळवळावयास लावतो. उलट निम्मा पोखरला गेलेला आणि आतून मृत झालेला दात महिनोन् महिने मुकाट राहतो व एके दिवशी जेवताना उभा चिरतो. म्हणून दाताला टोपी, म्हणजे ज्याला व्यवहारात कॅप किंवा क्राउन म्हणतात ती, बसवावी की नाही हे वेदनेवरून ठरविता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : दाताचा निरोगी भाग किती शिल्लक आहे, आणि त्या भागाला किती भार सोसावयाचा आहे.

दाताचे बळ कशात असते?

दाताचे बाहेरचे कवच एनॅमलचे असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु जे अतिशय कठीण ते बहुधा ठिसूळही असते. एनॅमल टिकते ते त्याच्याखाली असलेल्या, किंचित लवचीक अशा डेंटिनच्या आधारामुळे. डेंटिनच्या आत मऊ मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच आपले काम संपवून नाहीशा होतात. त्यामुळे मोडलेले हाड सांधते, तसा मोडलेला दात सांधत नाही. गेलेला भाग कायमचा जातो.

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पाच उंचवटे असतात आणि पुढच्या व मागच्या बाजूंच्या कडा त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. या कडा शाबूत असेपर्यंत दाढ एकसंध राहते. कीड लागून किंवा खड्डा भरण्यासाठी कोरावे लागून दोन्ही कडा गेल्या, की उंचवटे सुटे पडतात आणि घास चावताना ते बाहेरच्या दिशेला वाकू लागतात. १९८९ मध्ये रीह, मेसर व डग्लस या संशोधकांनी काढून टाकलेल्या उपदाढांवर याची मोजणी केली. मुळांच्या उपचारासाठी केलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा केवळ ५ टक्क्यांनी कमी झाला. माथ्यावरील साध्या खड्ड्याने २० टक्क्यांनी कमी झाला. आणि दोन्ही कडांसह आरपार खोबण कोरल्यावर मात्र तो ६३ टक्क्यांनी घटला. दाताला दुर्बल करतो तो उपचार नव्हे, तर गमावलेला भाग, हे यावरून स्पष्ट होते.

भरणे पुरेसे केव्हा, टोपी आवश्यक केव्हा?

खड्डा लहान असेल आणि सभोवतालच्या भिंती जाड असतील, तर कीड काढून दात भरणे एवढेच पुरेसे असते. भरलेले द्रव्य पोकळी बुजविते. सुट्या पडलेल्या भिंतींना बाहेरून आवळून धरण्याचे काम मात्र ते पुरेशा प्रमाणात करू शकत नाही. टोपी ते काम करते. मुसळाचे टोक फुटू नये म्हणून त्याला लोखंडी वसवी ठोकतात. टोपी दाताला तशीच सर्व बाजूंनी कवटाळते आणि चावण्याचा भार संपूर्ण दातावर वाटून देते. दाढेवर जोराने चावताना हा भार ५० किलोग्रॅमपेक्षाही अधिक होऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आवळण्याचे महत्त्व पटते.

म्हणून दाढेचा एखादा उंचवटा मोडला असेल, भरण इतके मोठे झाले असेल की उरलेल्या भिंती पातळ पडल्या आहेत, किंवा तेच भरण पुनःपुन्हा निघत व मोडत असेल, तर टोपीचा विचार करावा. काही वेळा संपूर्ण टोपीऐवजी केवळ उंचवटे झाकणारे अर्धे आच्छादन बसविता येते. त्यासाठी दात कमी कोरावा लागतो, म्हणून शक्य तेथे तोच मार्ग बरा.

तडा गेलेली दाढ

दाढेला गेलेला तडा ओळखणे कठीण असते. क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसत नाही. रुग्णाची तक्रार मात्र विशिष्ट असते : सुपारी, चणा यांसारखा कठीण पदार्थ चावताना आणि विशेषतः दाब सोडताना क्षणभर तीव्र कळ येते, नेमकी कोणती दाढ दुखते हे पुष्कळदा सांगता येत नाही. १९६४ मध्ये कॅमेरॉन यांनी या लक्षणसमूहाला स्वतंत्र नाव दिले. दंतवैद्य एकेका उंचवट्यावर स्वतंत्रपणे चावावयास लावून तडा शोधतो. तडा माथ्यापुरता मर्यादित असेल, तर टोपी किंवा आच्छादन त्याला आवळून धरते आणि पसरण्यापासून रोखते. तो मुळापर्यंत उतरला असेल, तर दात बहुधा वाचत नाही. येथे विलंबाची किंमत मोठी असते. मात्र वाढत्या वयात एनॅमलवर दिसणाऱ्या बारीक रेषा म्हणजे असा तडा नव्हे. वेदना नसेल, तर त्यांना उपचाराची गरज नसते.

रूट कॅनाल झाल्यानंतर

दाताच्या मुळांतील रोगट मगज काढून पोकळी बंद करण्याच्या उपचारास रूट कॅनाल म्हणतात. त्यानंतर ठणका थांबतो आणि नेमक्या याच वेळी पुष्कळ रुग्ण पुन्हा दंतवैद्याकडे जात नाहीत. परंतु ज्या दाढेवर हा उपचार करावा लागतो, ती बहुधा अगोदरच किडीने पोखरलेली असते.

सर्वच दातांना एक नियम लागू पडत नाही. सोरेन्सन व मार्टिनॉफ यांनी १९८४ मध्ये रूट कॅनाल झालेल्या १,२७३ दातांची पाहणी प्रसिद्ध केली. टोपीमुळे दाढा व उपदाढा टिकण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले होते. पुढच्या दातांत मात्र तसा फरक आढळला नाही. २००२ मध्ये अ‍ॅक्विलिनो व कॅप्लन यांना असे आढळले, की टोपी न बसविलेले असे दात टोपी बसविलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेले. अशा पाहणीत मुळातच अधिक चांगल्या दातांना टोपी बसविली गेली असण्याची शक्यता असते, म्हणून 'सहापट' हा आकडा शब्दशः घेऊ नये. तरीही दाढेची एक वा दोन्ही कडा गेली असतील, तर रूट कॅनालनंतर टोपी लांबणीवर टाकू नये, हा निष्कर्ष ग्राह्य आहे. उलट, छोटे छिद्र वगळता दाढ शाबूत असेल, तर चांगले भरणही पुरू शकते.

टोपी केव्हा बसवू नये?

टोपी बसविण्यासाठी दात चारही बाजूंनी व वरून कोरावा लागतो. पुढच्या दातांवरील मोजणीत असे दिसून आले आहे, की संपूर्ण टोपीसाठी दाताच्या दृश्य भागापैकी वजनाने सुमारे ६३ ते ७२ टक्के भाग काढला जातो. हा भाग परत येत नाही. शिवाय कोरण्याच्या आघाताने जिवंत दातातील मगज पुढे मृत होण्याचाही धोका असतो. म्हणून निरोगी दाताला केवळ रंग किंवा थोडा वाकडेपणा झाकण्यासाठी टोपी बसविणे हा तोट्याचा व्यवहार होय.

दुसऱ्या टोकाला, दात फारच थोडा उरला असेल, तर टोपीला धरावयास काही राहत नाही. हिरडीच्या वर चोहोबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात असावा, असा दंतवैद्यांचा ठोकताळा आहे. हिरड्यांच्या रोगाने दात हलत असेल, तर प्रथम त्या रोगाचा उपचार करावा. पाया ढासळत असताना शिखरावर कळस चढवून उपयोग नसतो.

टोपी बसल्यानंतर

टोपी धातूची असो, चिनी मातीची असो वा झिर्कोनियाची. ती स्वतः किडत नाही, परंतु तिच्या कडेखालचा दात किडतो. टोपी व दात जेथे मिळतात ती हिरडीजवळची रेषा रोज काळजीपूर्वक स्वच्छ करावी लागते. मृत दातात संवेदना नसल्याने तेथील कीड वेदनेने सूचना देत नाही. म्हणून ठरावीक काळाने तपासणी हवीच. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास ती दंतवैद्यास आधीच सांगावी.

निर्णयापूर्वी रुग्णाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : दाताच्या किती भिंती शाबूत आहेत? केवळ भरण्याने किंवा अर्ध्या आच्छादनाने काम भागेल काय? आणि टोपी बसविली नाही, तर नेमका कोणता धोका संभवतो? कुशल दंतवैद्य या प्रश्नांची उत्तरे आरशात दात दाखवून देऊ शकतो. ती ऐकून घेतलेला निर्णय घाईचाही नसतो आणि उशिराचाही नसतो.