आय की मी?

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यात येडेश्वरीची पालखी आमराईकडं निघते आणि चुन्याच्या रानात माणसं चुनखडीचे खडे वेचायला वाकतात. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत दादांची नवी सूनही होती. पोरगी चेन्नईची, मराठी अजिबात येत नाही. पण आईच्या मागं मागं फिरत तिनं पदरात खडे गोळा केले, दोन्ही हात पांढरेफटक करून घेतले. आईच्या ती मनातच बसली.

गेल्या यात्रेच्या तोंडावर मी तिला मोबाइलवर इंग्रजीत आवतण धाडलं. शेवटी जरा थट्टा म्हणून लिहायचं होतं, की आईचा माझ्यापेक्षा तुझ्यावरच जास्त जीव आहे. लिहिलं, 'आई लव्हज यू मोअर दॅन आय.' आधी बोटाखाली 'मी' आलं होतं. ते मुद्दाम खोडलं.

रात्री दादांचा फोन. "काय लिहिलंस रं नाना, पोरीला? ती म्हणती, नानांना आपण यायला नको आहोत का?"

मला काही उमजेना. पुन्हा वाचलं तेव्हा घाम फुटला. तिनं बरोबरच वाचलं होतं. 'दॅन आय' म्हणजे 'दॅन आय डू'. आईचा तुझ्यावर जेवढा जीव आहे, तेवढा माझा नाही! खोडलेलं 'मी'च खरं होतं.

खोडलं त्याला कारण आहे. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. पहिलीपासून ते २००० साली आलं. वर्गात निम्मी पोरं 'मी गो टू स्कूल' म्हणायची, कारण मी म्हणजे मीच. आणि 'आय' म्हटलं की आमच्या भागात आई आठवते. गुरुजींनी छडी मारून 'मी'चं 'आय' केलं आणि 'दॅन'पुढं तर 'आय'च, 'मी' गावंढळ, असं ठोकून बसवलं. ती छडी पन्नाशीतही बोटांत होती.

मजा म्हणजे हा नियम ज्यांच्या नावावर खपवतात, त्या जुन्या व्याकरणकारांनीही तो असा सरसकट सांगितलेला नाही. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण १७६२ साली निघालं. 'दॅन'पुढचं सर्वनाम गाळलेल्या क्रियापदावरून ठरवा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे वाक्य मनात पुरं करायचं. 'ही इज टॉलर दॅन आय' याच्यापुढं 'ॲम' बसतं, म्हणून 'आय'. बोलताना इंग्रज माणूसही तिथं सर्रास 'दॅन मी' म्हणतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र 'आय'च लिहा, नाहीतर गुण जातील. 'ॲज टॉल ॲज'चंही तेच. 'लाइक'पुढं मात्र डोळे मिटून 'मी'.

खरा धोका लव्ह, ट्रस्ट, हेल्प असल्या शब्दांपाशी. तिथं ज्याच्यावर प्रेम करायचं, विश्वास टाकायचा, असा दुसरा माणूस वाक्यात आलेला असतो. मग 'आय' आणि 'मी' दोन्ही व्याकरणात बसतात आणि दोन्हींचा अर्थ निराळा होतो. अशा जागी एका अक्षरावर विसंबू नका. 'दॅन आय डू' किंवा 'दॅन शी लव्हज मी' असं सबंध लिहा. एक-दोन शब्द जास्त जातील, जाऊ द्या.

आपल्या मराठीलाही नावं का ठेवू नयेत? 'आईचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जीव' यातही माझ्यावरचा की माझा, हे कुठं कळतं? 'पेक्षा' लागला की मी, मला, माझा सगळे एकाच 'माझ्या'त जाऊन बसतात. घरात निभावतं, कारण बोलणाऱ्याचं तोंड समोर असतं. मोबाइलवर तोंड दिसत नाही.

सूनबाईला सबंध वाक्य पुन्हा पाठवलं. तिकडून हसरे चेहरे आले आणि यात्रेला दोघंही. आईला सगळं समजावून सांगत होतो, की चूक त्या 'आय'ची होती. तर म्हातारी फणकारली, "लिवलंस तू, अन् आयचं नाव कशाला घेतोस मधी?"