नानांची निब

नाशिक, रविवार

चि. ओंकार,

काल रात्री ताईचा फोन आला. तू नानांच्या पेनाची निब उपसून काढलीस, तिथे कुठलीशी रुंद निब बसवलीस आणि जुनी घेऊन लक्ष्मी रोडला सराफाकडे गेलास, असं ती म्हणाली. विकलीस की नुसती दाखवलीस, ते तिलाही धड माहीत नाही. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाकीचं मागून बोलू, आधी एवढं सांग: ती जुनी निब कुठे आहे?

दिली नसशील तर देऊ नकोस. ती चौदा कॅरेटची, म्हणजे हजारात 585 भाग सोनं, आणि अख्खी निब वजनाला अगदीच थोडी भरेल. सराफ ती वितळवणार. तिच्या टोकाला डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक कठीण ठिपका असतो, त्याला सगळे इरिडियम म्हणतात. सराफाच्या लेखी तो कचरा. पण पेन लिहितं ते त्या ठिपक्यावर. सोनं मऊ, कागदावर ते टिकलं नसतं. नानांनी तो ठिपका वर्षानुवर्षं आपल्या हाताच्या कलानं झिजवत आणला. दर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकून घरी आले की जेवणाआधी टिपणं काढायचे. त्या वह्या ताईच्या कपाटात आहेत. एकदा उघड आणि त्यांचा ‘ळ’ बघ. तो दुसऱ्या कुठल्या निबेनं तसा येणार नाही.

निब बदलणं वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. नानांनीच, तुझ्या आजोबांनीच, विल्सनच्या पेनात दुसरीच निब घालून ते चालवलं होतं. पण हे पेन वेगळं. हे त्यांनी राजमहेंद्रीहून आणलं, रत्नमचं. तिथे 1932 पासून ही पेनं हातानं घडवतात. 1935 साली खुद्द गांधीजींनी रत्नम यांचं पेन वापरून पाहिलं आणि परदेशी पेनांऐवजी हे चालेल, असं पत्रानं कळवलं. नानांना त्या गोष्टीचा फार अभिमान होता. निबेखालची काळी जीभ एबोनाइटची असते, त्या एका निबेच्या पोटाला लागून बसेल अशी जुळवलेली. शाई तिच्या बारीक खाचेतून खाली येते आणि तिथूनच हवा वर जाते. जीभ आणि निब यांच्यात केसाएवढी फट पडली तरी पेन मध्येच कोरडं पडतं, नाहीतर भसकन ओकतं. आणि सहा नंबर म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या निबा सारख्या नसतात रे. एकाची सहा नंबर दुसऱ्याच्या पेनात सैल होते, तिसऱ्याच्यात घट्ट. घट्ट निब जोर लावून दाबलीस तर पेनाच्या तोंडाशी तडा जाईल. मग जुनी सापडली तरी ती बसवायची कशात?

सापडली तरी, असं लिहिताना हात थांबला. ती तुझ्याकडेच असेल ना?

तुला बोरूसारखं जाड-बारीक अक्षर हवंय, हे मी ओळखलं. हौस चांगली आहे. पण दुकानातली इटॅलिक निब इंग्रजी अक्षरासाठी असते. आपल्या बोरूचा तिरका काप त्याच्या उलट बाजूला, म्हणून त्या निबेनं देवनागरी लिहिलं की जाडी भलतीकडे येते. त्यासाठी कानपूरच्या स्टीलच्या निबा घे, स्वस्त मिळतात. त्या हव्या तशा घास, वाकव, चार वाया जाऊ देत. सोन्याच्या निबेला मात्र घासकागद लावायचा नाही. एकदा ठिपका गेला की गेला.

आणि काढायची पद्धतही शीक. पेन रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं. सकाळी रबराच्या तुकड्यात निब आणि जीभ एकत्र धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. गरम पाणी लागतं ते फक्त जिभेला, तिला निबेलगत दाबून बसवताना. पेन गरम पाण्यात घातलंस तर काळं एबोनाइट तपकिरी पडतं. आणि दाढीचं पातं निबेच्या चिरेत घालायचं नाही, कुणी काहीही सांगो.

हे सगळं मला नानांनी शिकवलेलं नाही, मेनरोडच्या एका पेनदुरुस्तीवाल्याकडून मी नंतर शिकले. नाना दर रविवारी वाटीत पाणी घेऊन बसायचे आणि हाक मारायचे, “जरा ये गं, ही धर.” मी तेव्हा कॉलेजात, हातात बॉलपेन, मैत्रिणी दारात उभ्या. मी म्हणायचे, “आता कोण लिहितं शाईनं!” ते काही बोलत नसत. एकटेच रबरात धरून हळूच ओढत. त्यांच्या शेजारी मी बसले नाही, ते आजही मनाला लागून आहे. ते गेले तेव्हा तू तिसरीत होतास. पेन तुला द्यायचं, असं ताईनं आणि मी मिळून ठरवलं, कारण त्यांच्या वाटीत बोट घालून निळं करून घेणारा घरात तू एकटाच होतास.

म्हणून रागावले. पण निब काढावीशी वाटली, आत कसं आहे ते बघावंसं वाटलं, हे मला मनापासून आवडलं. आपल्या घरात नानांनंतर तूच.

सराफाकडे गेलास ते पैशांसाठी का? मेसचे थकलेत का? तसं असेल तर मला सांग, ताईला कळू देणार नाही. आणि निब विकून झाली असेल तर तेही सांग. मी ओरडणार नाही. दोघं मिळून दुसरी शोधू, वेळ लागला तरी चालेल. दिवाळीला दोन दिवस आधीच ये, पेन घेऊन ये. रबर आणि भिंग माझ्याकडे आहे. तुझा खोकला थांबला का ते कळव.

तुझी,
मावशी

ता. क. ताईवर चिडू नकोस. तिनं मला फोन केला तो चहाडी म्हणून नाही. फोनवर तिचा आवाज भरून आला होता.