वाटाघाटीच्या दिवसांत फळ्यावर काय लिहावं

एसटीत वाहक म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं आगारातल्या संघटनेचा फळा माझ्याकडे होता. बोलणी मुंबईत, कधी मंत्रालयात तर कधी सह्याद्री अतिथीगृहात. आम्ही मात्र महाड-पोलादपूरच्या फेऱ्यांत, कशेडीच्या वळणांत. तिकडे काय चाललंय ते इकडच्या माणसाला कधी आणि किती सांगायचं, हे ज्यानं फळा धरला त्याच्या डोक्याला. पुढाऱ्यांची भाषणं पेपरात येतात, फळ्याचं कुणी लिहीत नाही. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

१. घोषणेतला आकडा तसाच फळ्यावर चढवू नये.

२०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला होते आणि एसटी संघटनांच्या कृती समितीचा संप ३ तारखेला सुरू झाला. चाकरमान्यांच्या गाड्यांची कशेडीला रांग लागायचे ते दिवस. ४ तारखेला सह्याद्री अतिथीगृहात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बैठक झाली, संप मिटला आणि टीव्हीवर पट्टी फिरली : मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ. झालं! आरतीच्या आधी घरोघरी हिशेब सुरू. कुणी फ्रिज घेतला, कुणी मुलीच्या क्लासचं ठरवून टाकलं.

पण त्या साडेसहा हजारांत २०२१ ची वाढ धरलेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोकरी दहा वर्षांपर्यंत झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीसवाल्यांना चार आणि वीसच्या पुढच्यांना अडीच हजार दिले होते. जुन्या माणसाला सगळ्यात कमी, हा सल तेव्हापासूनचा. आता सगळ्यांची बेरीज साडेसहावर आणली, म्हणजे नव्यानं हातात दीड, अडीच आणि चार हजार. ज्याला सगळ्यात कमी मिळालं होतं त्याला आता सगळ्यात जास्त. निर्णय समजला तर न्यायाचा वाटतो, नाही समजला तर फसवल्यासारखा.

अशा वेळी फळ्यावर एका माणसाची पगाराची चिठ्ठी सोडवून दाखवावी. नाव नको, फक्त 'पंचवीस वर्षं नोकरी' एवढं. मूळ वेतनात वाढ ४०००. त्यावर घरभाडं ८ टक्क्यांनी ३२०. भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात ४८०. महागाई भत्ता आणि त्यावरची कपात वेगळी. एवढी चार ओळींची बेरीज-वजाबाकी लिहिली की माणूस खिशातून आपली चिठ्ठी काढतो आणि तिथंच उभा राहून पेन मागतो. भाषणानं ते होत नाही.

२. मोठी रक्कम सांगितली की माणसं भागाकार करतात, हे धरून चालावं.

१ जून २०१८ ला, एसटीच्या वर्धापनदिनी, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर केली. चार वर्षांचा करार, लाखभर कर्मचारी. कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत हिशेब झाला : महिन्याला डोकी दहा हजार. मग सूत्र हातात आलं, प्रत्येकानं आपापलं मूळ वेतन त्यात घालून बघितलं आणि आकडा कुठच्या कुठे राहिला. ८ जूनला राज्यभर अघोषित संप सुरू झाला. कुठल्या संघटनेची नोटीस नाही, मोबाईलवरून मोबाईलवर पसरलेला. कोटींच्या शेजारी 'यातले पगारात किती, बाकी कशात' हे त्याच दिवशी कुणी लिहिलं असतं तर संप टळला असता असं मी म्हणणार नाही, पण निदान भांडण नेमक्या मुद्द्यावर झालं असतं.

३. कागद सोडू नये, आणि प्रत्येक कागदावर वेळ टाकावी.

आता ग्रुपवर टाकलं की झालं, असं तरुण पोरं म्हणतात. वस्तीच्या गाडीवर जाऊन बघा. संध्याकाळी गाडी डोंगराकडे वळली की फोनचा जीव जातो, तो सकाळी खाली उतरल्यावर परत येतो. तोवर ग्रुपवर पन्नास निरोप, त्यात तीन एकमेकांच्या विरुद्ध. वाहक पैसे भरायला येतो तेव्हा त्याला एकच गोष्ट बघायची असते : आत्ता खरं काय? 'बुधवार, रात्री ९.१०, मुंबईहून फोनवर कळलं, सांगणाऱ्याचं नाव अमुक' एवढं वर लिहिलं की आधीचे निरोप आपोआप शिळे होतात. ज्याखाली नाव नाही तो निरोप फळ्यावर नाही, हा नियम मी कुणासाठी मोडला नाही. त्यापायी शिव्याही खाल्ल्या.

४. काही ठरलं नाही, तर तेच लिहावं.

'बैठक झाली. काही ठरलं नाही. पुढची तारीख नाही.' तीन वाक्यं. रिकाम्या फळ्यापेक्षा बरी.

५. गोष्ट कुठल्या पायरीवर आहे ते सांगावं.

आमच्या माणसाला मागणी, आश्वासन, घोषणा, इतिवृत्त आणि परिपत्रक हे सगळं 'झालं' या एका शब्दात ऐकू येतं. मंत्री कॅमेऱ्यासमोर बोलले ती घोषणा. बैठकीचं इतिवृत्त निघून सही झाली की धरायला काहीतरी आलं. पगारशाखा मात्र हलते परिपत्रकावर. मी फळ्याच्या डाव्या कडेला हे पाच शब्द एकाखाली एक कायमचे रंगवून घेतले होते, आणि खडूचा बाण रोज जिथे असेल तिथे. बाण आठवडाभर एकाच शब्दासमोर राहिला की लोक मलाच टोमणे मारायचे, "काय सेक्रेटरी, घाट चढेना वाटतं!" चालायचं. निदान गाडी कुठे अडलीय ते त्यांना ठाऊक होतं.

६. बोलणी चालू असताना सगळं सांगू नये, पण सांगणार नाही हे सांगावं.

दहा मागितले आणि सातावर मिटवायची तयारी आहे, हे फळ्यावर लिहिलं तर संध्याकाळपर्यंत समोरच्या टेबलावर पोचतं, मग सातही मिळत नाहीत. सभासदाला हे कळतं, तो काही खुळा नाही. त्याला राग येतो तो गुळमुळीत उत्तराचा. "किती कमीवर येणार ते आज विचारू नका, पण घरभाड्याचा मुद्दा सोडणार नाही", असं तोंडावर सांगितलं की गप्प बसतो. निदान चहा संपेपर्यंत.

७. नकोशी बातमी आपल्याच माणसानं द्यावी.

२०२१-२२ च्या संपात मागणी एकच होती, शासनात विलीनीकरण. पगारवाढ जाहीर झाली तरी माणसं हलली नाहीत. आझाद मैदानावरून काही नेते परतले, एका संघटनेनं डिसेंबरात माघार जाहीर केली, तरी नाहीत. उच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीनं विलीनीकरण शक्य नाही म्हटलं, आणि शेवटी ७ एप्रिल २०२२ ला न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. त्या पाच-सहा महिन्यांत निलंबन, बडतर्फी, उसनवारी, सगळं झालं. त्याआधीच्या जुलैत महाड-पोलादपूरनं पूर आणि दरडी सोसल्या होत्या, कित्येकांच्या घरात तेव्हाचा चिखल नीट निघाला नव्हता. अशा माणसाला समितीच्या अहवालात काय आहे ते आधी टीव्हीवाल्याकडून कळावं आणि आपल्या माणसानं 'अजून आशा आहे' म्हणत राहावं, यासारखा जाच नाही. कॅन्टीनमध्ये बाकावर बसून, चार-चार जणांना, अहवालाचा अर्थ मराठीत सांगावा लागतो. आणि माणूस रडला तर उठून जायचं नाही.

८. घरचे विसरू नयेत.

संपात पगार बंद झाला की पहिला फोन बायकोच्या भावाचा येतो. एका कागदावर 'बँकेचा हप्ता थकला तर काय करायचं, मुलांच्या फीला मुदत कशी मागायची' असं लिहून घरी नेण्यासाठी वाटलं होतं. मागण्यांच्या पत्रकापेक्षा तो कागद जास्त घरांत दाराआड चिकटलेला दिसला. आमच्या सौभाग्यवतींनी तर त्यावर खाली किराणा दुकानदाराची उधारीही मांडली होती.

९. करार झाल्यावर फळा पुसायची घाई नको.

पहिल्या वाढीव पगाराला हमखास कुणाचं तरी मूळ वेतन चुकीचं बसतं. कुणाची सेवा एका वर्षानं कमी धरलेली, कुणाचा फरक राहिलेला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मी एक चौकोन आखून ठेवायचो : बिल्ला क्रमांक, काय चुकलं, अर्ज कधी दिला. पेणला विभागीय कार्यालयात जायचं झालं की तो चौकोन वहीत उतरवून न्यायचा. ज्याचं काम झालं त्याची ओळ त्यानंच येऊन पुसायची. शेवटची ओळ पुसेपर्यंत पुढच्या कराराची मुदत भरत आलेली असायची.