ओजसचे कान आधी तपास

चि. सौ. मृण्मयी,

काल वहिनीचा फोन आला आणि तुझ्या आत्याची झोप उडाली. ओजसची स्पीच थेरपी बंद केलीस, ते पैसे हेडफोन लावून संगीत ऐकवणाऱ्या केंद्रात भरलेस आणि दहा दिवसांत पोर बोलायला लागेल असं तिथे सांगितलं, हे खरं का? त्याची कान तपासायची बेरा टेस्ट झाली का, असं विचारलं तर वहिनीने विषयच बदलला.

या उपचाराचा जन्म काही भोंदूगिरीतून झालेला नाही. आल्फ्रेड तोमातिस हा १९२० साली नीसमध्ये जन्मलेला फ्रेंच कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याचे वडील ऑपेरात गात. आवाज बिघडलेले गायक त्याच्याकडे येत, तेव्हा गळ्याबरोबर तो त्यांचे कानही तपासू लागला. जो स्वर कानाला ऐकू येत नाही तो गळ्यातूनही निघत नाही, हा त्याचा सिद्धान्त. मग त्याने यंत्र बनवलं आणि मोझार्टचं संगीत, चर्चमधलं प्रार्थनागायन, आईचा आवाज हे सगळं गाळून, कमीजास्त करून ऐकवायला सुरुवात केली. त्याच्यानंतरच्या एका फ्रेंच डॉक्टरने दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, असा दहा दिवसांचा क्रम बसवला. तुझ्या केंद्राचे दहा दिवस बहुधा तिथलेच. १९९१ साली अ‍ॅनाबेल स्टेली या आईने आपल्या स्वमग्न मुलीवर पुस्तक लिहिलं आणि हा उपचार अमेरिकेत घरोघर पोचला. त्या आईला नावं ठेवायची आत्याची छाती नाही.

पण पुढे मोजमाप झालं. २०११ साली कॉक्रेन या संस्थेने स्वमग्नतेसाठीच्या अशा उपचारांच्या ७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात १८२ जण होते. हा उपचार सुचवावा असा पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ सालीच तसं सांगितलं होतं. आणि केंद्रातल्या बाई ज्या मोझार्टचा दाखला देतात, तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर झाला. आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना जो फायदा दिसला, तो दहा-पंधरा मिनिटं टिकला. न बोलणाऱ्या मुलांचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता.

जावईबापूंच्या कानात गुंई आवाज येतो म्हणून त्यांनाही पॅकेज घ्यायला लावलंय म्हणे. मोठ्यांच्या त्या त्रासावर मंद आवाज ऐकवतात, ही पद्धत खरी आहे. पण त्याच्या जोडीला समुपदेशन असतं आणि उद्देश एवढाच की मेंदूने त्या गुंजण्याकडे लक्ष देणं सोडावं. त्यांनाही आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ दे.

मुद्दा पुन्हा तोच, बेरा झाली का? तू म्हणशील, कुकरची शिट्टी झाली की ओजस कानावर हात ठेवतो, मग ऐकू येतंच की. मृण्मयी, आपला बाळकाका आठव. दार आपटलं की तोही वळून बघायचा. म्हणून सगळे म्हणायचे, कान ठीक आहेत, जीभ जड आहे. आजीने वेखंड उगाळून चाटवलं, पोपटाने उष्टावलेले पेरू शोधून आणले. जाड, मोठे आवाज त्याला कळायचे. बारीक ‘स’ आणि ‘श’ कधी पोचलेच नाहीत. कानाला यंत्र लागलं तेव्हा मिसरूड फुटायला आलं होतं आणि भाषा शिकण्याची वर्षं निघून गेली होती. आत्या अभ्यासाला बसली की तो समोर येऊन तिच्या ओठांकडे बघत बसायचा. ती पुस्तकात डोकं घालायची. त्याच्याशी अजून बोलायला हवं होतं, हे अजूनही सलतं.

म्हणून आज एवढं कर. ओजस खेळत असेल तेव्हा त्याच्या मागे, हातभर अंतरावर बस. तुझं तोंड त्याला दिसू देऊ नकोस आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढ: आ, ई, ऊ, म, श, स. मध्ये थोडं थांबत जा. ‘म’ला वळला आणि ‘स’ला वळला नाही, तर ते वहीत लिहून ठेव. डॅनियल लिंग यांनी बसवलेले हे सहा ध्वनी श्रवणतज्ज्ञ रोज वापरतात. याने निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला काहीतरी हाती येतं. जन्मल्यावरची तपासणी पास होती, यावर विसंबू नकोस. ऐकू येणं नंतरही कमी होतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी होतं. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची. पुण्यातच करायचं असेल तर श्रवणतज्ज्ञाची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारून घे. कानात दोष निघालाच तर यंत्र लावून, बाजूला बसून, बोलून-बोलून ऐकायला शिकवतात, आणि त्या शिकवण्याने मुलं बोलतात. दोष नाही निघाला, तरी स्पीच थेरपी सुटता कामा नये.

रागावून लिहिलं खरं. नोकरी, घर, लोकांचे टोमणे, आणि रात्री पोर कुशीत घेऊन तू काय काय वाचत बसत असशील, ते आत्याला दिसतं. दहा दिवसांत होईल असं कुणी म्हटलं तर कुठल्या आईचा हात पर्सकडे जाणार नाही? गेलेल्या पैशांचा विचार करू नकोस. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढणार नाही, वहिनीला तसं सांगून झालंय.

बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवायला सांगतात. ते काम तू करू नकोस, तू झोप. तारीख मिळाली की कळव. आत्या साताऱ्याहून आदल्या दुपारच्या एसटीने येईल. ओजसला पत्ते पिसायला आवडतात ना? दोन कॅट घेऊन येते.

तुझी आत्या