किल्ली "जरा हलवली की" सुरू होणारी गाडी

कॅडेट मित्रांनो, इथे लखनौत मी तुमचा वाहन-देखभालीचा वर्ग घेतो. जुन्या जिप्सीपाशी उभे राहिलो की एक वाक्य हमखास कानावर येते : "सर, किल्ली जरा हलवली की होते सुरू." धोका नेमका या 'जरा हलवली की'मध्ये आहे. पूर्ण निकामी झालेला स्विच गाडीला दारातच थांबवतो. कधी चालणारा, कधी न चालणारा स्विच तिला रस्त्याच्या मधोमध थांबवतो. आपल्याकडच्या जानेवारीच्या धुक्यात, मागून ट्रक येत असताना त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

आधी रचना समजून घेऊ. इग्निशन स्विचचे दोन भाग असतात : पुढे किल्लीचे कुलूप, मागे विजेचा स्विच. किल्ली 'ऑन'वर आली की इग्निशन आणि मीटरला वीज मिळते. 'स्टार्ट'वर नेली की स्टार्टरच्या सोलेनॉइडला. स्टार्टर मोटरचा मोठा प्रवाह बॅटरीतून जाड केबलने थेट जातो, स्विचमधून नाही. वर्षानुवर्षे उडणाऱ्या ठिणग्यांनी स्विचमधले संपर्क काळे पडतात, झिजतात आणि त्यांचा रोध वाढतो.

आता ओहमचा नियम वापरा. संपर्काचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह जात असेल, तर २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ४० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून स्विच तापतो, आतले प्लॅस्टिक मऊ होते आणि बिघाड वाढत जातो.

दोष ओळखण्याची रीत अशी :

१. सेल्फ मारताना दिवे एकदम मंदावत असतील, तर आधी बॅटरी आणि तिची टोके तपासा.

२. इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताच बंद पडत असेल, किंवा किल्ली हलवल्यावर मीटरचे दिवे लुकलुकत असतील, तर संशय स्विचवर घ्या.

३. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. मल्टिमीटरची एक तार स्विचच्या बॅटरीकडील टोकाला, दुसरी स्टार्टरकडील टोकाला लावा आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चांगल्या स्विचवर व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसतो. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्विच बदला.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढा. एअरबॅग असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र जाणकार मेकॅनिकशिवाय हात लावू नका.

ही बाब किरकोळ नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सला अशाच स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. धक्क्याने किंवा जड किल्लीच्या जुडग्याने स्विच चालत्या गाडीत 'ऑन'वरून मागे सरके. इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सुधारित स्विच आधीच आला होता, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवल्यामुळे बदल झाला हे तपासणाऱ्यांना कळलेच नाही.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर किल्ली कधीही 'लॉक'वर नेऊ नका, स्टिअरिंग अडकेल. ब्रेक जड होतो, पण साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा चांगला लागतो. म्हणून तो पुन्हापुन्हा सोडू नका. एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी डावीकडे घ्या आणि धोक्याचे दिवे लावा.

पालकांनाही विनंती : गाडीच्या किल्लीला घराच्या, कपाटाच्या किल्ल्या अडकवू नका. आणि कॅडेटनो, गाडी परत करताना नोंदवहीत "ठीक आहे" असे लिहू नका. "किल्ली हलवल्यावर सुरू झाली" असे लिहा. पुढच्या चालकाचा जीव त्या एका ओळीवर अवलंबून असू शकतो.