पहिला क्लब कोणता घ्यावा?

'क्लब' म्हटले की पत्त्यांची टेबले आणि सभासदत्वाची फी डोळ्यांसमोर येते. गोल्फमध्ये मात्र चेंडू मारण्याच्या काठीलाच क्लब म्हणतात. गेली दोन वर्षे मी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कॅडीचे काम करतो, म्हणजे खेळणाऱ्यांची पिशवी खांद्यावर वाहतो. आपणही हा खेळ शिकावा, ही इच्छा त्यातूनच झाली. नियमाप्रमाणे एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब बाळगता येतात. माझ्याजवळ पैसे होते एकाचेच. तो निवडताना मी चुकलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लांब फटक्याच्या मोहाने मी जुन्या बाजारातून ड्रायव्हर घेतला. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. पुढे तीन महिने माझा चेंडू उजवीकडच्या झुडपांतच जात राहिला. हा खेळ आपल्यासारख्यांचा नव्हे, असे मनाने घेतले. तेव्हा आमच्यातले सर्वांत जुने कॅडी, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी माझ्या हाती सात नंबरची आयर्न दिली आणि म्हणाले, "दोष तुझ्यात आहेच, पण ही काठी तो दुप्पट करून दाखवते रे!"

यामागचे कारण सोपे आहे. ड्रायव्हर सुमारे 45 इंच लांब. सात नंबरची आयर्न सुमारे 37 इंच. काठी जितकी लांब, तितके तिचे डोके ताब्यात ठेवणे कठीण. दुसरे म्हणजे कल. ड्रायव्हरची समोरची बाजू जवळजवळ उभी, साधारण 10 अंश कललेली असते. सात नंबरची 30 अंशांच्या पुढेमागे. कल जास्त असला की चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते, आणि बाजूच्या फिरकीने तो कमी वळतो. चूक तीच, पण शिक्षा सौम्य!

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. डोक्याची मागची बाजू पोकळ व वजन कडेला वाटलेले असावे. त्यामुळे फटका मध्यावर बसला नाही तरी डोके कमी पिळते. नेहमीप्रमाणे वाकून उभे राहिल्यावर डोक्याचा तळ जमिनीवर सपाट टेकावा. दांडा फार ताठ नसावा. नवशिक्याचा वेग कमी असतो. मुठीवरचे रबर गुळगुळीत झालेले नसावे, नाहीतर घसरू नये म्हणून आपण मूठ आवळतो आणि खांदेही आखडतात. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचाच क्लब शोधावा.

सराव प्रथम चेंडूशिवाय करावा. क्लब कमरेपर्यंतच नेऊन खाली आणावा आणि तळ दर वेळी गवतावर एकाच ठिकाणी घासतो का, ते पाहावे. घासू लागला की मग चेंडू ठेवावा. मागेपुढे कोणी उभे नाही, याची खात्री मात्र प्रत्येक वेळी करावी.

ड्रायव्हर मी निम्म्या किमतीत विकला आणि त्या पैशांत जुनी सात नंबरची घेतली. माझा चेंडू अजून फार लांब जात नाही. पण बहुतेक वेळा समोर जातो, आणि त्यात मला समाधान आहे. कोणाला शिकायचे असल्यास सकाळी सहाला वसतिगृहामागच्या मैदानावर यावे. क्लब एकच आहे, पण पाळीपाळीने तो पाचसहा जणांना सहज पुरतो.